सहाशे ग्रॅम

छत्री बोटावर तोलायची नसते,
लुनाला बांधून बघायची असते,
हे त्या पोराला मला सांगावं लागलं.
तो म्हणत होता, काका, हलकी आहे, धरून तर बघा.
दुकानात सगळंच हलकं असतं.
साखर पेठेपासून हिपरग्याच्या तलावापर्यंत लुना नेते,
पुढं बांधावरून मी,
आणि माझा एकच गुडघा धड.

पहिली काढली ती फळगाड्यावरची.
लोखंडी दांडा, आठ पट्टे, सात किलो.
तिच्याखाली कलिंगडं बसतात.
कलिंगडांना कुठं चालत जायचं असतं?

मग काळी, वाकड्या मुठीची.
ती धरायला एक हात, गळाला दोन.
माझ्याकडं दोनच आहेत,
त्यातलं एक बोट मागानं ठेवून घेतलेलं.

तिसरी हिरवी.
फायबरच्या काड्या, खाली टोकदार दांडा, मातीत रोवायचा.
मान वाकते, ऊन फिरेल तशी फिरवायची.
पाठीला कापडाचा पडदा, चार खुंट्या पिशवीत.
लहान माप एक किलो चारशे.
मोठं दोन किलो.

चाळीस वर्षं टॉवेल काढले,
कापडाला फसत नाही.
चिमटीत धरलं, ट्यूबलाइटला लावलं:
ताणा चांगला, बाणा जरा ढिला.
शिवणीवर पाणी मार म्हटलं.
पोरगं हसलं, मग बाटली घेऊन आलं.
एकीतून थेंब आला, दुसरीतून नाही आला.
सोलापुरात पाण्याचं कुणाला पडलंय,
पण एप्रिलातलं ऊनसुद्धा
शिवणीतनंच आत येतं.

लहान घेणार, हे घरूनच ठरलेलं.
एका माणसाला लहान पुरते.
पैसे मोजायला काढले होते
तेव्हा आठवलं, सकाळी राजमणी
दारात बसून विड्या वळता वळता,
सुपातून मान वर न करता, म्हणाली होती,
तिथं वारं लई असतंय का ओ?
असतंय, म्हटलं.
मग तंबाखू उडंल.
एवढंच. आणि विडीला दोरा गुंडाळला.

मी चप्पल घालून निघून आलो होतो.
इतकी वर्षं ती तलाव
अक्कलकोट-तुळजापूरच्या बसमधनं बघते,
खिडकीकडची बाजू मिळाली तर.

म्हटलं, मोठी उघड.
फरशीवर बसलो खाली.
गळाची पिशवी ठेवली डाव्या अंगाला,
सुपाएवढी जागा मोजली,
मग आणखी एक वीत, पाल्याच्या ओल्या फडक्याला.
काका, मावशी येणार का बरोबर?
सूप येणार आहे, म्हटलं.

सहाशे ग्रॅम म्हणजे काय,
एक बरी चिलापी.
येताना मिळाली तर नाही म्हणतो का मी?

रविवारी पडदा वाऱ्याच्या बाजूला लावला.
तीन खुंट्या गेल्या आत, चौथीला मुरूम लागला,
तिच्यावर धोंडा ठेवला.
राजमणीनं एकदा पाण्याकडं बघितलं,
एकदा वर कापडाकडं,
आणि कात्री काढली.
दुपारपर्यंत तिच्या चारशे झाल्या.
माझं काही नाही.
जुन्या चपलेचं बूच पाण्यावर बसलेलं,
त्याच्याकडं बघून बघून माझा डोळा लागला असावा.

तुमचं चप्पल बुडालंय बघा, ती म्हणाली.
हात तसाच चालू.
ओढलं. कणीक नव्हती,
मासा तर नव्हताच.
आपलीच कणीक खाऊन गेला की, म्हणाली,
आणि हसली, तंबाखू हलणार नाही इतकं.

परत येताना छत्री तिनं खांद्यावर घेतली, मी सूप.
बांध संपत आला तेव्हा विचारलं,
कितीला पडली?
मी सहाशे कमी सांगितले.